परमिटकाकांचा लाल टॅग

आमच्या शेजारच्या काकूंच्या लोणच्याच्या बरणीच्या गळ्यात लाल पुठ्ठा लटकलेला असायचा. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘काम चालू आहे. उघडू नये.’ खाली तारीख, वेळ आणि काकांची सही. काम म्हणजे लोणचं मुरण्याचं. ते पूर्ण झालं की काका स्वतः येऊन चाखत, पुठ्ठ्यामागे ‘काम पूर्ण’ असं लिहीत, पुन्हा सही करत, आणि मगच ती बरणी ताटांपर्यंत पोचायची.

सेक्टर दहामध्ये त्यांना सगळे परमिटकाका म्हणत. ते पोलादाच्या प्लांटात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे फोरमन आणि माझे बाबा टाइम ऑफिसात क्लार्क. आमच्या दोन्ही क्वार्टरची मधली भिंत एकच. त्यामुळे काकांच्या घरातलं निम्मं आम्हाला भिंतीतून कळायचं आणि उरलेलं काकू येऊन सांगायच्या. तेव्हा आमचं भिलाई मध्य प्रदेशात होतं, घरात वऱ्हाडी बोलायचं, दाराबाहेर हिंदी, आणि प्लांटचे इंग्रजी शब्द दोन्हीकडे.

प्लांटात मोठ्या मशीनवर काम करायचं तर आधी परमिट घ्यायचं, वीज तोडायची आणि स्विचवर आपल्या सहीचा लाल टॅग अडकवायचा. ज्यानं अडकवला त्यानंच तो काढायचा. बाकी कोणी, मग तो कितीही मोठा साहेब असो, त्याला हात लावायचा नाही. हा नियम प्लांटच्या गेटच्या आत सगळेच पाळत. काका तो स्कूटरच्या डिकीत घालून घरी घेऊन येत.

कूलरला टॅग, गळक्या नळाला टॅग, रंग दिलेल्या झोपाळ्याला टॅग. एकदा कावलेल्या काकूंनी स्वयंपाकघराच्या दारालाच टॅग लावला, ‘मेंटेनन्स चालू आहे. जेवण बंद.’ खाली स्वतःची सही. त्यांना वाटलं, आता हा माणूस हात जोडेल. काकांनी चष्मा लावून टॅग वाचला, सही ओळखीची आहे याची खात्री केली, आणि स्कूटर काढून सिविक सेंटरला डोसा खायला गेले. परत आल्यावर दाराबाहेर उभं राहून अदबीनं विचारलं, “बाई, काम कधी पूर्ण होईन?” काकू सांगताना हसायच्या, पण त्या दिवशी रडल्या होत्या म्हणे.

कामावर निघताना ते काकूंना घराचा चार्ज देत. “दोन बादल्या भरल्या. सिलिंडर संपत आला आहे. दुधवाला येऊन गेला.” आणि हे सगळं एका रजिस्टरात लिहिलेलं असे. काकू ‘हो’ म्हणेपर्यंत ते स्कूटरला किक मारत नसत.

त्यांचं एक वाक्य आमच्या ब्लॉकमधल्या पोरासोरांना पाठ होतं. “पहिले स्विच, मग हात, मग डोकं.” मी एकदा विचारलं, डोकं शेवटी का?

“डोकं पहिले लावलं का हात स्विचच्या आधी जाते,” काका म्हणाले. “हुशार माणसंच करंटले चिपकतात बाई. बुद्धू माणूस भेते, म्हणून वाचते.”

भाजी ते बाजारातल्या एकाच माणसाकडून घेत. त्या भाजीवाल्याचा उजवा हात मनगटापासून नव्हता. डाव्या हातानं तो तराजू इतक्या सफाईनं धरायचा की पाहत राहावं. “ले जा नोनी, बने पताल हे,” असं म्हणून टमाटे माझ्या पिशवीत टाकायचा. त्याची वांगी मात्र बहुतेक किडकी असत. काकू कुरकुरत, की अख्ख्या बाजारात चांगली वांगी पडली आहेत, यांना हीच का दिसतात. काका ऐकून घेत आणि पुढच्या रविवारी तीच वांगी आणत.

अशा माणसाच्या घरी कॉम्प्युटर आला तो चुकून. एका जुन्या ऑफिसातलं भंगार विकायला निघालं होतं, काकांना त्यातले तीन टेबलफॅन हवे होते. पण माल एकत्रच घ्यायचा होता, म्हणून पंख्यांबरोबर एक पिवळा पडलेला कॉम्प्युटरही रिक्षात बसून आला. पंखे दुसऱ्याच दिवशी फिरायला लागले. कॉम्प्युटर कोपऱ्यात बसला आणि काकूंनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला.

त्याच हिवाळ्यात आमच्या घरी वेगळीच चिंता होती. बाबा मार्चमध्ये रिटायर होणार होते. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं, हे भिलाईत जन्मलेल्या पोरांना बोलता यायला लागल्यापासून माहीत असतं, तरी ते आपल्यावर येईल असं कोणालाच वाटत नाही. बाबांनी सांगून टाकलं, “तुझी नोकरी लागली तर इथंच भाड्यानं घर पाहू. नाही तर आर्वी.” आर्वीला आमचं दीड खोल्यांचं घर होतं आणि मला तिथं करण्यासारखं काही नव्हतं. इंडस्ट्रियल एरियातल्या एका लहान कारखान्याला ऑफिसात कॉम्प्युटर चालवणारं माणूस हवं होतं. जानेवारीत परीक्षा होती, तीही मशीनवर बसवून. सिविक सेंटरला माडीवरच्या क्लासमध्ये मी जायची, पण एका मशीनवर आम्ही पाच जण, त्यामुळे माझ्या वाट्याला दहा मिनिटं यायची. त्यातली पाच खुर्ची सरकवण्यात जायची.

आईनं हे काकूंना सांगितलं आणि काकूंनी काकांना. संध्याकाळी भिंतीवर टकटक झाली. जाऊन पाहते तर रुमाल काढलेला, मशीनचं झाकण उघडं आणि काका सायकलच्या पंपानं आत हवा मारत होते. धुळीबरोबर मेलेल्या मुंग्यांचा अख्खा मोहल्ला बाहेर पडला.

“कधीपासून पडून आहे कोणाले माहीत,” ते म्हणाले. “पण जळलेली नाही. वास घेऊन पायलं मी.”

मशीन तिसऱ्या दिवशी सुरू झाली, पण तिला काही आठवत नव्हतं. आतली बॅटरी मेली होती. दर वेळी ती १ जानेवारी १९८० पासून दिवस मोजायला लागायची आणि आपल्याला हार्डडिस्क आहे हेही विसरायची. काकू पडद्यावरची तारीख वाचून म्हणाल्या, “राहू द्या तशीच. तेव्हा माझे गुडघे चांगले होते.” काकांनी मेलेली बॅटरी काढली, दोन वायरी डाखल्या आणि टॉर्चचे तीन सेल टेपनं बांधून कॅबिनेटच्या बाहेर लटकवले. मशीन दिसायला आजारी दिसे, पण तारीख विसरेना.

मग प्रश्न आला तिच्यात सिस्टीम कोणती घालायची हा. आतली जुनी पार बिघडली होती. क्लासचे सर म्हणाले, “अंकल, आजकल तो खिडकीवाला ही चलता है.” त्यांनी तेरा फ्लॉप्या दिल्या. काकांनी प्रत्येक फ्लॉपीची वेळ रजिस्टरात लिहीत अख्खा रविवार त्या आत ढकलल्या. शेवटी पडद्यावर रंग आले, ढग आले आणि ‘थांबा’ सांगणारा, वाळूच्या घड्याळाचा एक डमरू आला. तो डमरू हलेना. मी एक पत्र उघडायला सांगितलं तर काकूंच्या कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, वरण फोडणीला पडलं, तरी डमरू तिथंच.

काकांनी मशीन बंद केली आणि हात पुसले. “पाच टनाच्या क्रेनले दहा टन उचलाले लावलं, तर चूक क्रेनची का लावणाऱ्याची? हिची ताकद पाहूनच लोड द्या लागते. हिले जुनी डॉसच पायजे.”

“पण काका, क्लासमध्ये सगळे नवीनच शिकून राहिले,” मी म्हटलं. “जुनी शिकून मी काय करू?”

“क्लास मरू दे. जिथं नोकरी आहे तिथं कोणती मशीन आहे?”

हा प्रश्न माझ्या किंवा क्लासच्या सरांच्या डोक्यात आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी काका ड्युटी संपवून स्कूटरवर त्या कारखान्यापाशी गेले आणि ऑफिसच्या खिडकीतून आत डोकावले. चौकीदारानं हटकलं तेव्हा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “अर्थिंग देख रहे हैं.” घरी येऊन त्यांनी मला सांगितलं, “काळा पडदा आहे. हिचीच बहीण दिसते.”

ढग गेले, डमरू गेला. तीन फ्लॉप्यांत जुनी सिस्टीम बसली. मशीन आता कुकरच्या एका शिट्टीआधी उभी राही, काळ्या पडद्यावर दोन अक्षरं आणि एक लुकलुकणारी रेघ घेऊन. काकांनी नारळ फोडला. प्लांटात नवीन मशीन सुरू करताना फोडतात तसा, अंगणात. काकूंनी खोबऱ्याचे तुकडे आमच्याकडे पाठवले आणि निरोप दिला की घरात टीव्ही आला तेव्हा या माणसानं नारळ फोडला नव्हता.

मी रोज तासभर बसायला लागले. चौथ्या दिवशी कॅबिनेटला हात लागला तर बारीक झिणझिण्या आल्या. मी उगाच बोलून गेले. काकांनी तिथल्या तिथं स्विच बंद केला, लाल टॅग लिहिला आणि सुतळीनं प्लगला बांधला. क्वार्टरची अर्थिंग त्यांना पुरेशी वाटेना. अंगणात कढीपत्त्याशेजारी त्यांनी कमरेइतका खड्डा खणला आणि त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि मिठाचे थर घातले. काकूंच्या डब्यातलं मीठही गेलं. कढीपत्ता पुढे वाळला, तो त्या मिठानं, हे काकांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

वायर जोडून झाली. फक्त तपासून टॅग काढायचा राहिला होता. तेवढ्यात नागपूरहून समोरच्या साहेबांच्या फोनवर निरोप आला, की तिथं दिलेल्या त्यांच्या मुलीला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं आहे, दिवस भरायच्या आधीच. दोघं दुपारच्या गाडीनं निघाले. झाडांना पाणी घालायला किल्ली आमच्याकडे दिली. जाताना काका सगळ्या घराचा चार्ज देत होते, पण रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि मशीन राहून गेली.

परीक्षेला पाच दिवस होते.

मी रोज झाडांना पाणी घालायची आणि मग आत जाऊन मशीनसमोर बसायची. वायर जोडलेली होती, सगळं तयार होतं. टॅग लटकत होता. बाबा म्हणाले, “कागदाचा तुकडा आहे तो. काढ अन् बस. आर्वीले जाऊन टॅगकडे पाहत बसशीन का?” दुसऱ्या दिवशी मी सुतळीची गाठ सोडली. टॅग हातात आला. प्लग धरला. आणि का कोण जाणे, काकूंच्या स्वयंपाकघराबाहेर अदबीनं उभे असलेले काका आठवले. मी टॅग पुन्हा होता तसा बांधला. मला माझाच राग आला होता. एका पुठ्ठ्यापायी मी माझी नोकरी घालवत होते.

सिविक सेंटरच्या बूथवरून नागपूरला फोन लावला. काका लाइनवर आले.

“काका, मशीनचा टॅग राहिला आहे. मी काढू का? तीन दिवसांवर परीक्षा आहे.”

ते म्हणाले, “फोनवर टॅग निघत नसते बाई. हात नको लावजो. मी येऊन राहिलो.” आणि फोन ठेवला.

मला वाटलं, दोन दिवसांनी येतील. ते दुसऱ्या दिवशी दुपारी, हातात पिशवीसुद्धा न घेता, दारात उभे होते. नागपूरहून दुर्गपर्यंत जनरल डब्यात उभ्यानं आले होते. आईनं पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. सरळ मशीनपाशी गेले, टॅग हातात धरला आणि थबकले.

“गाठ माझी नाही,” ते म्हणाले.

मी सांगून टाकलं. “मी सोडली होती. पण स्विच नाही लावला काका. परत बांधली.”

काका रागावतील असं वाटलं होतं. ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, “तू नाही लावला. मी लावला होता.”

प्लांटात लागण्याआधी ते रायपूरकडच्या एका लहानशा मिलमध्ये होते, वीस-बावीस वर्षांचे. त्यांचा कामावरचा जोडीदार मोटर खोलून बसला होता. स्विचवर त्याचा टॅग होता. जेवणाची सुट्टी संपली तरी टॅग तसाच, म्हणून काकांना वाटलं, काम झालं असेल, हा काढायला विसरला असेल. त्यांनी टॅग काढला आणि स्विच लावला.

“किती हुशार होतो मी,” काका म्हणाले. “डोकं पहिले लावलं.”

जोडीदाराचा उजवा हात गेला. पुढे काका भिलाईला लागले, तेव्हा त्यांनी त्यालाही इकडे आणलं आणि बाजारात भाजीचं दुकान लावून दिलं. मला एकदम टमाटे आठवले, डाव्या हातातला तराजू आठवला आणि ती किडकी वांगी. मला फार लाज वाटली. आम्ही सगळे इतकी वर्षं हसत होतो, आणि हसताना कोणी एकदाही विचारलं नव्हतं की हा माणूस असं का करतो.

“काकूंना माहीत आहे?”

“नाही. तिले वांग्यांचा राग आहे, तेवढाच राहू दे.”

मग ते उठले. टेस्टर लावला, बल्ब जोडून अर्थिंग पाहिली, कॅबिनेटवर आधी हाताची मागची बाजू टेकवली, मग तळहात. टॅगमागे ‘काम पूर्ण’ लिहिलं, सही केली, तो खिशात घातला. “हं. आता लाव.”

मशीन उभी राहिली. त्यांनी रजिस्टर काढून त्यात एक ओळ लिहिली आणि माझ्यासमोर धरली, ‘टॅग काढला. मशीन चालू. चार्ज शेजारच्या पोरीला दिला.’ मी ‘हो’ म्हटल्यावरच त्यांनी आईच्या हातचा चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

नातू झाला तो त्याच दुपारी. काकांची गाडी इकडे येताना डोंगरगडला उभी होती तेव्हा. काकूंनी हे कधीच विसरू दिलं नाही. नागपूरहून परतल्यावर त्यांनी काकांच्या सदऱ्यालाच टॅग टाचला, ‘बोलणं बंद. मेंटेनन्स चालू आहे.’ काका आठ दिवस तो सदरा घालून फिरले आणि काकूंनी स्वतः काढेपर्यंत अवाक्षर बोलले नाहीत.

परीक्षेत आम्ही अकरा जण होतो. माझ्याआधी बसलेला मुलगा काळ्या पडद्यासमोर माऊस शोधत होता. माझी पाळी आली तेव्हा मी खुर्चीत बसण्याआधी कॅबिनेटला हाताची मागची बाजू लावून पाहिली. साहेबांनी विचारलं, ये क्या कर रही हो. मी म्हटलं, “अर्थिंग देख रही हूँ.” पत्र टाइप केलं, फाइलची कॉपी काढली. फेब्रुवारीत मी कामावर रुजू झाले. मार्चमध्ये क्वार्टर सोडलं आणि आम्ही भिलाईतच सुपेल्याला भाड्याच्या घरात राहायला गेलो. आर्वीला फक्त पत्र गेलं.

काही वर्षांनी काका रिटायर झाले. त्यांनीही क्वार्टर सोडलं आणि मुलीकडे नागपूरला निघाले. सामानाचा ट्रक वाटेत आमच्या घराशी थांबला. काकांनी मशीन उतरवली, माझ्या टेबलावर ठेवली, तीन सेल नवे घातले. आणि जाता जाता प्लगला लाल टॅग बांधला.

“आता काय झालं हिले?” मी विचारलं.

“थोडं काम बाकी आहे. येतो मी काढायला.”

ते दोनदा आले. एकदा कोणाच्या लग्नाला म्हणून, एकदा नुसतेच. दोन्ही वेळा चहा घेतला, बाजारात जाऊन जोडीदाराला भेटून आले, आणि मशीनसमोर बसून चष्मा लावून टॅग वाचला. “राहू दे अजून. बाकी आहे थोडं.” मशीनमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. तिसऱ्या वेळी काका आले नाहीत, कोपरा फाडलेलं काकूंचं पत्र आलं.

मशीन अजून आमच्याकडे आहे. माझे यजमान दर दिवाळीला साफसफाई करताना विचारतात, हे भंगारात देऊ का. माझी मुलगी म्हणते, आई, एकदा लावून तरी पाहू, चालते का. मी दोघांनाही सांगते, टॅग आहे. गाठ त्यांची आहे.